घटस्फोटाची तडजोड आणि मिळकतीची वाटणी

कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज दाखल होऊन उभय पक्षांना मध्यस्थाकडे पाठविण्यात आले, की त्या बंद खोलीत जे बोलणे व्हावयाचे ते दुखावलेल्या मनांचे, मोडलेल्या विश्वासाचे आणि मुलांच्या भवितव्याचेच असणार, आणि त्यातून पैशाचा जो व्यवहार शेवटी ठरेल तो ज्याच्या त्याच्या स्वभावातील औदार्यावर किंवा कार्पण्यावर अवलंबून राहणार, असा समज आपल्या सुशिक्षित समाजातही दृढ आहे. त्या खोलीत अश्रू असतात, संताप असतो, क्वचित उशिरा सुचलेली क्षमाही असते, हे खरे. परंतु कोणत्याही प्रस्तावाला होकार वा नकार देताना प्रत्येक पक्ष मनाशी एकच हिशेब मांडीत असतो: येथे जमले नाही आणि प्रकरण साक्षीपुराव्याच्या वाटेने निकालापर्यंत गेले, तर न्यायाधीश माझ्या पदरात काय घालील, किती वर्षांनी घालील, आणि तोवर मी तग धरू शकेन काय? मध्यस्थाला निर्णय देण्याचा अधिकार नसतो. तेथील बोलणे गोपनीय असते, आणि तडजोड फसल्यास बैठकीत कोण काय म्हणाले याचा तपशील न्यायालयाला कळविता कामा नये, असा सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला दंडक आहे. तरीसुद्धा कायदा त्या खोलीत उपस्थित असतोच, आणि मिळकतीच्या वाटणीचा कायदा जसा असेल तशी तेथील मागण्यांची भाषा, तेथील धमक्या आणि तेथील मौनही घडत जाते.

रॉबर्ट म्नूकिन आणि लुई कॉर्नहाउझर या दोन अमेरिकी विधिज्ञांनी १९७९ साली येल विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात एक निबंध लिहून हा विचार प्रथम व्यवस्थितपणे मांडला. घटस्फोट घेणाऱ्या बहुसंख्य जोडप्यांचे व्यवहार न्यायाधीश ठरवीत नाही, ती जोडपी आपापसांत ठरवितात; म्हणून घटस्फोटाच्या कायद्याचे मुख्य कार्य निवाडा देणे हे नसून, वाटाघाटीला बसणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या हाती काही भांडवल ठेवणे हे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या प्रतिपादनाची सत्यता पडताळून पाहण्यासाठी मराठी वाचकाला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. सावंतवाडीहून निघून बांद्यापलीकडे पत्रादेवीचा नाका ओलांडला, की तीच कोकणपट्टी, तोच माड आणि तीच नात्यागोत्याची माणसे असूनही पतिपत्नींच्या मिळकतीविषयीचा कायदा मुळापासून बदललेला आढळतो. अर्थात नाका ओलांडल्याने कोणाचा कायदा बदलत नाही, तो अधिवासाने व विवाहाच्या नोंदणीने ठरतो. परंतु एकाच देशात, एकाच समाजात, दोन भिन्न कायद्यांखाली होणाऱ्या तडजोडी शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची अशी सोय अन्यत्र क्वचितच लाभेल.

प्रथम महाराष्ट्राचा विचार करू. येथे, आणि गोवा वगळता बहुतेक भारतात, विवाहामुळे पतिपत्नींची मिळकत एक होत नाही. ज्याच्या नावे खरेदीखत, त्याचे घर. ज्याच्या नावे ठेव, त्याचा पैसा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मिळकतीसंबंधी जे एकमेव स्पष्ट कलम आहे ते सत्ताविसावे, आणि तेही लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेटीदाखल आलेल्या व उभयतांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंपुरतेच. म्हणजे संसाराच्या प्रारंभी आलेल्या भांड्याकुंड्यांची व्यवस्था कायद्याने लावली, आणि त्या संसारात पुढील वीस वर्षांत जे उभे राहिले त्याविषयी तो बोललाच नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांची स्थिती याहून चांगली नाही. मुस्लिम स्त्रीला मेहेर आणि २००१ च्या दानियल लतीफी खटल्यातील निर्णयानुसार भावी आयुष्यासाठी वाजवी तरतूद मागता येते, परंतु पतीच्या मिळकतीत वाटा तिलाही नाही.

या मौनाची मुळे जुनी आहेत. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात पतिपत्नींमध्ये विभाग होत नाही असे सांगितले आहे, आणि त्याचे कारण धर्मकृत्यांत व द्रव्यसंग्रहात ती दोघे एक आहेत, हे आहे. याज्ञवल्क्याने, पित्याने मुलांना समान वाटे दिल्यास ज्यांना स्त्रीधन दिलेले नाही अशा पत्नींनाही समान वाटा द्यावा, असे म्हटले. आणि मिताक्षरेच्या अनुयायी अशा आपल्या प्रांतात आजही पिता व पुत्र यांच्यात वाटणी झाल्यास पत्नीला पुत्राइतका हिस्सा मिळतो. मात्र ती वाटणी मागण्याचा अधिकार तिला स्वतःला नाही. इतरांनी वाटप केले तर तिचा वाटा उपजतो, इतरांनी केले नाही तर तो उपजतच नाही. ज्या शास्त्राने विवाह अविच्छेद्य मानला त्याला विच्छेदानंतरच्या वाटणीचा विचार करण्याचे प्रयोजन नव्हते, हे समजण्यासारखे आहे. परंतु बडोदे संस्थानाने १९३१ साली, मुंबई प्रांताने १९४७ साली आणि अखिल देशाने १९५५ साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला, तेव्हा विच्छेदाबरोबर विभागाचाही विचार करावयास हवा होता. तो अद्याप झालेला नाही.

मग महाराष्ट्रातील पत्नी मध्यस्थीच्या खोलीत कोणते भांडवल घेऊन शिरते? पहिले, तिचे स्त्रीधन. ते सर्वस्वी तिचे, आणि सासरच्यांकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, हे प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निःसंदिग्धपणे सांगितले. दुसरे, पोटगीचा हक्क. हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाखाली दावा चालू असताना आणि २५ व्या कलमाखाली कायमचा. तिसरे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेला सामाईक घरात राहण्याचा हक्क, ज्याची व्याप्ती सासूसासऱ्यांच्या मालकीच्या घरापर्यंतही पोहोचू शकते असे २०२० साली ठरले. चौथे, फौजदारी फिर्याद. यांपैकी एकही मालकीचा हक्क नाही, स्त्रीधन वगळता. आणि स्त्रीधन म्हणजे बहुधा तेच दागिने, जे घराच्या पहिल्या हप्त्यासाठी मोडून केव्हाच संपलेले असतात.

उदाहरणादाखल एक जोडपे कल्पू. पुण्यात कोथरूड भागात राहणारे हे दांपत्य. विवाहाला चौदा वर्षे झालेली. पतीचे निव्वळ वेतन दरमहा १ लाख २० हजार. पत्नी वाणिज्य शाखेची पदवीधर, दुसऱ्या अपत्यानंतर नोकरी सोडलेली. सदनिका एकट्या पतीच्या नावे, आजची किंमत ९० लाख, कर्जाची बाकी २० लाख. पहिल्या हप्त्यात तिचे बारा तोळे सोने गेले, परंतु त्याची नोंद कोठेच नाही. सराफाची पावती पतीच्या नावाची. आता हे दोघे मध्यस्थापुढे बसल्यावर पत्नी म्हणते, घरात माझाही वाटा आहे. पतीचा वकील शांतपणे विचारतो, कोणत्या कलमाखाली? तिच्यापाशी उत्तर नसते. कौटुंबिक न्यायालयाच्या १९८४ च्या कायद्याप्रमाणे पतिपत्नींच्या मिळकतीसंबंधीचा दावा त्याच न्यायालयात दाखल करता येतो, हे खरे. परंतु तेथे तिने आपला पैसा घरात गेल्याचे पुराव्याने शाबीत केले पाहिजे, आणि चौदा वर्षांचा स्वयंपाक, मुलांचे आजार, सासऱ्यांची शुश्रूषा आणि सोडलेली नोकरी यांचे खातेपुस्तक कोणत्याही पेढीत मिळत नाही.

म्हणून बोलणे घरावरून हटते आणि पोटगीवर येऊन ठेपते; आणि येथेच, माझ्या मते, सर्वांत मोठी हानी होते. वाट्याची भाषा मालकाची असते, पोटगीची भाषा गरजवंताची. पोटगी मागणाऱ्या स्त्रीने आपण निराधार आहोत, आपल्याला कमावता येत नाही, हे पटवून द्यावे लागते. आणि पतीला ती सुशिक्षित आहे, आळशी आहे, वा दुसऱ्या कोणाच्या आधाराने राहत आहे असे दाखविण्याचा मोह होतो. २०१७ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ वेतनाचा चौथा हिस्सा ही पोटगी न्याय्य ठरेल असे म्हटले. तो सर्वत्र लागू होणारा नियम नव्हे, तथापि प्रत्येक मध्यस्थीत तो आकडा कोणीतरी उच्चारतोच. आपल्या जोडप्याच्या बाबतीत चौथा हिस्सा म्हणजे दरमहा ३० हजार, वर्षाला ३ लाख ६० हजार, आणि दहा वर्षांच्या हिशेबाने एकरकमी ३६ लाख. पती १५ लाखांपासून आरंभ करतो, पत्नी ५० लाखांपासून, आणि घासाघीस सुरू होते. पती म्हणेल, ती उद्या नोकरी धरील. पुनर्विवाह केल्यास पोटगी रद्द करण्याची तरतूद २५ व्या कलमातच आहे, म्हणून तोही धाक असतो. तिच्या हाती जे येईल ते तिच्या गरजेला बांधलेले असते. गरज संपली, की हक्क संपला.

ज्या पक्षापाशी मिळकतीत ठराविक हक्क नसतो तो पक्ष अन्य साधनांकडे वळतो, हा वाटाघाटीचा स्वभावधर्म आहे. छळाची फिर्याद, जी पूर्वी भारतीय दंडसंहितेच्या ४९८ अ कलमाखाली होत असे आणि २०२४ च्या जुलैपासून नव्या न्यायसंहितेच्या ८५ व ८६ व्या कलमांखाली होते, ती असंख्य प्रकरणांत सत्य आणि भीषण अनुभवातून आलेली असते. परंतु तडजोडीच्या बैठकीत ती फिर्याद मागे घेण्याची किंमत ठरू लागते, आणि मग खरा छळ सोसलेल्या स्त्रीलाही आपल्या दुःखाचे मोल पैशात करावे लागते. उच्च न्यायालयाने उभय पक्षांच्या समझोत्यावरून अशी फिर्याद रद्द करावी, याला सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बी. एस. जोशी प्रकरणात मान्यता दिली, तेव्हापासून ही बाब तडजोडनाम्याचे नित्याचे कलम होऊन बसली आहे. हीच गत मुलांच्या ताब्याची. जो पिता एरवी मुलाच्या शाळेची पायरी चढला नाही तोही ताब्यासाठी अर्ज करतो, कारण माता मुलासाठी रकमेवर पाणी सोडील हे त्याला ठाऊक असते. आणि काळ हाही एक पक्षकार आहे: घर पतीच्या कबजात, वेतन चालू, तर पत्नी माहेरी भावजयीच्या संसारात आश्रित. ज्याला थांबणे परवडते त्याची किंमत उतरत नाही. उलट, पत्नी त्याच घरात राहत असली आणि निवासाचा हुकूम तिच्या हाती असला, तर थांबणे पतीला परवडत नाही, कारण कबजा असलेले घर विकता येत नाही. आणि मग घरात वाटा नसलेल्या त्याच स्त्रीला घर सोडण्याबद्दल मात्र भरीव रक्कम मिळते. हक्क मालकीचा नसून अडवणुकीचा असला म्हणजे तडजोडही अडवणुकीची होते. दोष त्या स्त्रीचा नव्हे.

रक्कम ठरली तरी तिचे स्वरूप ठरावयाचे असते, आणि त्यात कायद्याच्या कितीतरी आडवाटा गुंतलेल्या आहेत. एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची प्राप्ती असून तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही, दरमहाची पोटगी मात्र उत्पन्न ठरते, हा भेद मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या राजकुमारींच्या प्रकरणात केला होता. वकील लोक ‘एकरकमी देऊन मोकळे व्हा’ असे जे सांगतात त्यामागे मनःशांतीइतकाच हा विचार असतो. संमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली. पहिल्या अर्जानंतर किमान सहा महिने थांबून दुसरा अर्ज करावयाचा, आणि हुकूमनामा होईपर्यंत कोणीही पक्ष आपली संमती काढून घेऊ शकतो, असे सुरेष्टा देवी प्रकरणात १९९१ साली ठरले. पैसे देऊन बसल्यावर समोरच्याने संमती मागे घेतली तर काय, ही पतीची चिंता. आणि संमती देऊन बसल्यावर पैसे आलेच नाहीत तर काय, ही पत्नीची. यातून हप्त्यांची ती सुपरिचित पद्धत जन्मली: काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी, काही फिर्याद रद्द होताना, आणि उरलेला डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या अर्जाच्या दिवशी न्यायाधीशासमक्ष. २०१७ साली अमरदीप सिंग प्रकरणात हा सहा महिन्यांचा काळ न्यायालयाला माफ करता येतो असे ठरल्यापासून, सर्व देणेघेणे आधीच चुकते केलेल्या जोडप्यांना लवकर मोकळे होता येते. म्हणजे तेथेही कायद्याने मिळकतीचा निकाल लावणाऱ्यालाच त्वरेचे बक्षीस ठेवले.

सदनिका पत्नीला द्यावयाचे ठरले तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, आणि त्या ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांची पुढे फरफट होते. महाराष्ट्रात राहते घर पतीने पत्नीला बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे; परंतु ही सवलत पत्नीला आहे, आणि हुकूमनामा झाल्यावर ती पत्नी राहत नाही. म्हणून बक्षीसपत्राची नोंदणी हुकूमनाम्यापूर्वी व्हावयास हवी. दुसरी गोष्ट अशी, की जी स्थावर मिळकत दाव्याचा विषय नव्हती ती केवळ तडजोडीच्या हुकूमनाम्याने दुसऱ्याच्या नावे होत नाही. नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे अशा हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. सदनिकेवर कर्ज असेल तर बँकेची संमती हवी, आणि गृहनिर्माण संस्थेच्या भागप्रमाणपत्रावरील नावही बदलून घ्यावयास हवे. तडजोडनाम्यावर सह्या झाल्या, हारतुरे नसले तरी सुटकेचे निःश्वास पडले, आणि तीन वर्षांनी कर्जाचे हप्ते थकल्याची नोटीस त्या स्त्रीच्या दारावर लागली, असे घडू नये म्हणून ही शुष्क कलमे सहीपूर्वी वाचलीच पाहिजेत.

वाटाघाटीतील याहूनही मोठे अस्त्र म्हणजे माहिती. बहुसंख्य घरांत पत्नीला पतीचे वेतन अंदाजानेच ठाऊक असते. त्याच्या ठेवी, समभाग, भावाबरोबर घेतलेला भूखंड यांचा तिला पत्ता नसतो. मध्यस्थ तटस्थ असल्यामुळे तो तिला सल्ला देऊ शकत नाही, आणि जे ठाऊकच नाही ते मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात उभय पक्षांनी आपले उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल केले पाहिजे असा दंडक घातला, त्याचे महत्त्व येथे आहे. वाटणीचा हक्क न देताही, केवळ माहिती उघड करावयास लावून त्या निर्णयाने बैठकीतील तराजू काहीसा सरळ केला. माझी आग्रहाची सूचना अशी, की ही प्रतिज्ञापत्रे हाती आल्यावाचून कोणत्याही स्त्रीने वा पुरुषाने रकमेचे बोलणे सुरूच करू नये. तरीही एक वाट उघडी राहतेच: कलहाची चाहूल लागताच पती गावच्या वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा हक्कसोडपत्राने भावाच्या नावे करून मोकळा होतो, आणि सातबाऱ्यावरून त्याचे नाव नाहीसे होते. स्थावराच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क असताना, त्या हक्काची जाणीव असणाऱ्याला किंवा विनामोबदला असे हस्तांतर केले, तर ते घेणाऱ्याविरुद्धही तो बजावता येतो, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ३९ वे कलम सांगते. हे कलम बैठकीत उच्चारले गेले तर बोलण्याचा नूर पालटू शकतो.

आता हेच जोडपे मडगावचे आहे असे समजू. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० च्या १ जुलैपासून लागू झाला, १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर संसदेच्या १९६२ च्या कायद्याने तो चालू ठेवण्यात आला, आणि त्यातील वारसा व वैवाहिक मिळकतीसंबंधीचा भाग पुढे गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात नव्या रूपाने आला, जो २०१६ अखेरीस अमलात आला. या कायद्याखाली लग्नापूर्वी नोटरीसमोर करार करून वधूवरांना आपल्या मिळकतीची व्यवस्था निवडता येते: संपूर्ण सामाईकी, केवळ लग्नानंतरच्या संपादनापुरती सामाईकी, संपूर्ण विभक्तता, किंवा हुंड्याची म्हणून ओळखली जाणारी जुनी पद्धत. असा करार केला नाही, आणि बहुतेक लोक करीत नाहीत, तर संपूर्ण सामाईकी आपोआप लागू होते: लग्नापूर्वीची, लग्नानंतरची, कमावलेली आणि वारशाने आलेली, कायद्याने वगळलेल्या काही बाबी सोडून, सर्व मिळकत दोघांची, अर्धी-अर्धी. निबंधकापुढे सह्या करताना पुष्कळ तरुण जोडप्यांना आपण केवढ्या मोठ्या दस्तऐवजावर सही करीत आहोत याची कल्पना नसते.

या सामाईकीचा ठसा गोव्याच्या साऱ्या व्यवहारांवर उमटलेला आहे. पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर विकता येत नाही, म्हणून तेथील खरेदीखतांत भावांबरोबर भावजया आणि बहिणींबरोबर मेहुणे यांचीही नावे व सह्या असतात. प्राप्तिकर कायद्यातही १९९४ साली ५ अ हे कलम घालून, या कायद्याखालील पतिपत्नींचे वेतनेतर उत्पन्न दोघांत समान विभागून करआकारणी करण्याची तरतूद करण्यात आली. केंद्राच्या करवसुली खात्याने ज्या पत्नीला अर्ध्या उत्पन्नाची धनी मानले, तिला वाटाघाटीत कोणी ‘कोणत्या कलमाखाली?’ असे विचारू शकत नाही.

आपल्या जोडप्याच्या सदनिकेची कर्ज वजा जाता किंमत ७० लाख. तिचा अर्धा वाटा ३५ लाख. पुण्यातील ३६ लाख आणि मडगावातील ३५ लाख यांत आकड्याचा भेद नगण्य आहे, परंतु पहिली रक्कम घासाघिशीच्या अंती, कदाचित निम्म्यावर येऊन, तिच्या गरजेपोटी मिळावयाची होती, आणि दुसरी प्रारंभीच तिची आहे. ती नोकरी करो वा न करो, पुन्हा लग्न करो वा न करो, त्या ३५ लाखांना बाध येत नाही. पोटगीचा प्रश्न त्यानंतर, स्वतंत्रपणे, उरतो. म्हणून तेथील बोलणे ‘किती द्यायचे’ येथून सुरू न होता ‘कोणती वस्तू कोणाकडे जावी’ येथून सुरू होते. सोन्याची पावती कोणाच्या नावाची होती हा प्रश्न निरर्थक होतो. तुझा दोष की माझा, हा वाद वाट्याच्या हिशेबातून पुष्कळसा बाहेर पडतो, आणि ज्या फिर्यादी खऱ्या असतील त्या आपल्या गुणावर चालू शकतात.

तथापि गोव्याची व्यवस्था निर्दोष आहे असे मानणे भोळेपणाचे ठरेल. घटस्फोटानंतरची वाटणी तेथे ‘इन्व्हेंटरी’ नावाच्या न्यायालयीन प्रक्रियेने होते: मिळकतीचा कारभारी शपथेवर यादी सादर करतो, मूल्यांकन होते, हरकती होतात, आणि जी वस्तू सुखासुखी दुभागता येत नाही तिच्यासाठी पक्षकारांतच बोली लागते, जो अधिक बोली बोलेल त्याने वस्तू घ्यावी आणि दुसऱ्याला त्याच्या वाट्याचा पैसा भरून द्यावा. येथे कागदावरील समान हक्काला रोख पैशाची गाठ पडते. घर दोघांचे समान असले तरी बोली लावण्याची ऐपत बहुधा पतीची असते. शिवाय मिळकतीचा कारभार परंपरेने पतीकडे असल्यामुळे यादीत काय आले आणि काय राहिले हे शोधण्याचा भार पत्नीवर पडतो. चार भावांच्या अविभक्त जुन्या घरातील पतीच्या हिश्शाचा अर्धा वाटा म्हणजे व्यवहारात काय, याचा निकाल लागावयास वर्षेही लोटतात. या विलंबाच्या भयाने पुष्कळ गोमंतकीय स्त्रिया पूर्ण अर्ध्याहून कमी रक्कम रोखीने स्वीकारून मध्यस्थीत विषय संपवितात. आणि सामाईकी दोन्ही बाजूंनी चालते, हे विसरता येत नाही: पत्नीला बापाकडून वारशाने आलेल्या बागायतीतही पतीचा अर्धा वाटा असतो, आणि मग भाऊ आपल्या बहिणीच्या घटस्फोटाच्या बैठकीत स्वतःच्या माडांचा विचार करू लागतात. मुंबईपुण्यास स्थायिक झालेल्या गोमंतकीयांनीही हे ध्यानात घ्यावे. कारण अधिवासाने गोमंतकीय असलेल्याच्या गोव्याबाहेरील मिळकतीच्या वारशालाही हाच कायदा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जुझे पावलू कुतिन्यू यांच्या प्रकरणात ठरविले आहे.

परदेशस्थ मराठी कुटुंबांविषयी एवढेच सांगणे पुरे, की कॅलिफोर्नियात विवाहकाळातील कमाई दोघांची समान मानली जाते, न्यू जर्सीत ती न्यायबुद्धीने विभागली जाते, आणि इंग्लंडमध्ये २००० सालच्या व्हाइट विरुद्ध व्हाइट या निर्णयापासून समान वाटपाची कसोटी लावली जाते. तेथे तडजोड करणाऱ्या पत्नीची अडचण निराळी असते: पुण्यात पतीच्या नावे घेतलेल्या सदनिकेची मालकी परदेशी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने बदलत नाही, म्हणून त्या सदनिकेची किंमत परदेशातील मिळकतीतूनच वळती करून घेणे श्रेयस्कर.

या साऱ्या विवेचनातून माझे मत असे बनले आहे, की महाराष्ट्रात मध्यस्थांची संख्या वाढवून आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्यासारखे कायदे करून तडजोडी अधिक संख्येने होतील, पण वाटणीचा स्पष्ट नियम नसेल तोवर त्या अधिक न्याय्य होणार नाहीत. संसदेपुढे संधी आली होती. विवाह सावरण्यापलीकडे मोडल्याच्या कारणावरून घटस्फोट देताना पत्नीला पतीच्या स्वकष्टार्जित स्थावर मिळकतीत हिस्सा देण्याची तरतूद असलेले विधेयक २०१३ च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेने संमत केले. लोकसभेत ते तसेच राहिले आणि २०१४ साली ती लोकसभा विसर्जित होताच रद्दबातल झाले. दरम्यान २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या विशेषाधिकाराखाली असा घटस्फोट आपण देऊ शकतो असे जाहीर केले. विच्छेदाची वाट अशी रुंद झाली, विभागाची मात्र खुलीच झाली नाही.

गोव्याची संपूर्ण सामाईकी जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. माहेरचा वा सासरचा वारसा ज्याचा त्याच्याकडे राहणे आपल्याकडील लोकांना अधिक रुचेल आणि वादही कमी होतील. परंतु त्याच कायद्यातील दुसरी निवड, म्हणजे लग्नानंतर दोघांच्या संसारकाळात जे संपादन झाले ते कर्जासह दोघांचे समान, ही महाराष्ट्राला सर्वथा योग्य आहे. हा विचार येथल्या मातीला परका नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास चालविलेल्या लक्ष्मीमुक्ती आंदोलनात शेतकरी पतींनी आपण होऊन जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला, आणि तो दानधर्म म्हणून नव्हे, तिच्या कष्टांचे देणे म्हणून. स्वेच्छेने जे काही गावांनी केले ते कायद्याने सर्वांसाठी करावयाचे आहे.

विवाह, घटस्फोट, अविभक्त कुटुंब व वाटणी हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य विधिमंडळाला असा कायदा करता येतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, आणि संसदेने ती देशभर लागू करावयास त्यानंतर अकरा वर्षे घेतली. जे राज्य मुलीच्या बाबतीत देशाच्या पुढे गेले त्याने पत्नीच्या बाबतीत दिल्लीची वाट पाहत बसू नये. संसारकाळातील संपादनाच्या समान वाटणीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने आणावे, आणि त्यासाठी आपल्या आमदाराला पत्र लिहिण्याचे काम वाचकांनी आपल्याकडे घ्यावे.